ज्या कड्याला एकच उंची नाही

माझ्या लॅपटॉपवर कळसूबाई साडेचार मिलिमीटर उंच आहे. पट्टी लावून मोजलीय. पडद्यावरचा चौकोन साधारण तीस सेंटिमीटरचा, त्यात दक्षिणोत्तर एकशे दहा किलोमीटर मुलूख कोंबलेला. मग १,६४६ मीटरच्या शिखराच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? भिजलेल्या साबुदाण्याएवढं. ज्या शिखराच्या लोखंडी शिड्यांवर माझ्या पोटऱ्यांनी दोनदा माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते हे शिखर.

हा उद्योग सुचला तो गुडघ्यामुळं. जूनच्या शेवटी एका अगदी किरकोळ उतारावर पाय मुरगळला, लिगामेंट दुखावलं, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसवलं. बाहेर पाऊस, घाटमाथा हिरवा होत चाललेला, ग्रुपवर रोज कुणीतरी धबधब्याचे फोटो टाकतंय. चिडचिड होत होती. मग ठरवलं, आपल्याला डोंगरात जाता येत नाही तर डोंगरच घरात आणू.

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा मला येत होती, पोटापाण्यासाठीच येत होती. त्रिमितीतली चित्रं मात्र कधी काढली नव्हती. पायथनवाले आलेख काढायला सहसा मॅटप्लॉटलिब घेतात. त्यातही त्रिमितीची सोय आहे, पण ती मुळात सपाट कागदावर काढायच्या चित्रांची यंत्रणा आहे. एकामागे एक असलेले दोन पृष्ठभाग काही कोनांतून बघितले की मागचा पुढं येतो. ही मर्यादा तिच्या माहितीपत्रकातच कबूल केलेली आहे, आणि जास्त हवं असेल त्यांनी मायावी बघावं, असंही तिथं सुचवलंय. म्हणून मी मायावीकडं गेले.

नाव एखाद्या राक्षसाचं वाटतं, पण ही शास्त्रीय माहिती त्रिमितीत दाखवणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच आहे. प्रभू रामचंद्रन आयआयटी मद्रासला शिकत होते तेव्हा त्यांनी ती लिहायला घेतली. पुढं ते पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागात प्राध्यापक झाले. गाएल व्हारोको या फ्रेंच संशोधकाच्या सहभागातून तिला ‘एमलॅब’ नावाचा सोपा दरवाजा मिळाला, म्हणजे माझ्यासारख्यांना चार ओळींत काम भागवता येईल असा. सगळ्याच्या खाली व्हीटीके आहे. जनरल इलेक्ट्रिकमधल्या तिघा संशोधकांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ती सी प्लस प्लस या दुसऱ्या संगणकी भाषेतली अवाढव्य यंत्रणा. म्हणजे राबणारा हात सी प्लस प्लसचा आणि हुकूम सोडणारं तोंड पायथनचं. ही वाटणी मला फार आवडते. आमच्या एकत्र कुटुंबात आजी अशीच घर चालवायची.

आता डोंगर कुठून आणायचा? तो फुकट मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यातून साठ मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढला होता. रडारचा एक अँटेना यानात, दुसरा दांड्याच्या टोकाला. आपण दोन डोळ्यांनी अंतर ताडतो, तसं या दोन अँटेनांकडं परत आलेल्या लहरींच्या फरकावरून जमिनीची उंची काढली. ६० अंश उत्तरेपासून ५६ अंश दक्षिणेपर्यंतची सगळी जमीन त्यात आली. एकेका अंशाचे चौकोन पाडले, आणि नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशावरून प्रत्येक फाइलला नाव दिलं. माझी फाइल एन १९ ई ०७३. कल्याण, माहुली, इगतपुरी, शिवनेरी, नाणेघाट, माळशेज, रतनगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सगळं या एका फाइलमध्ये. माझ्या गेल्या पंधरा वर्षांतले निम्मे शनिवार-रविवार त्या चौकोनाच्या बाहेर गेलेले नाहीत.

फाइल उघडली तर आत ना मथळा, ना नावगाव. नुसते आकडे, एकामागं एक. मी आधी उतरवली ती जुनी आवृत्ती होती, दर नव्वद मीटरला एक आकडा, १,२०१ ओळी आणि १,२०१ रकाने. मायावीबरोबर जी उदाहरणं येतात त्यांत एक ग्रँड कॅन्यनचं आहे, याच अंतराळयानाच्या आकड्यांवर बेतलेलं. मी त्यावरून माझ्या चार ओळी लिहिल्या, अमेरिकेच्या फाइलच्या जागी आपली लावली आणि चालवलं.

पडद्यावर एक पापड आला. सपाट, तांबूस, आणि त्याच्या खालून पाताळात गेलेल्या दहा-बारा सुया. खिडकीत जेमतेम मावतील इतक्या लांब, आणि त्यांच्यापुढं अख्खा सह्याद्री पापडाच्या जाडीएवढा.

सुयांचं कारण कळायला अर्धा तास गेला. आकडे सोळा बिटांचे, आणि त्यांत बसणारा सगळ्यात लहान आकडा उणे ३२,७६८. ‘इथं काही दिसलं नाही’ हे सांगायला तो राखून ठेवलेला. मायावीला ते कोण सांगणार? त्यानं इमानदारीत बत्तीस किलोमीटर खोल विहिरी खणल्या. रडार तिरकं बघतं, त्यामुळं उभ्या कड्याच्या मागं त्याची सावली पडते आणि तिथून काहीच परत येत नाही. म्हणजे ज्या कड्यांच्या जिवावर सह्याद्री हा सह्याद्री आहे, नेमक्या तिथंच यानाची नजर चुकली होती. मग नवी आवृत्ती घेतली. ती दर तीस मीटरची, ३,६०१ गुणिले ३,६०१, म्हणजे एक कोटी एकोणतीस लाख सदुसष्ट हजार दोनशे एक आकडे. अमेरिकेबाहेरच्या मुलखासाठी ही बारीक जाळी २०१४ नंतर टप्प्याटप्प्यानं खुली झाली. तिच्यात भोकं इतर मोजण्यांवरून बुजवलेली आहेत. सुया गेल्या. बुजवलेल्या जागी जे दिसतंय ते मोजलेलं की जुळवलेलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो नंतर आला, आणि माझ्या मनात आला असंही म्हणता येणार नाही.

कोटभर आकड्यांनी माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, म्हणून हरिश्चंद्रगडाभोवतीचा तुकडा कापून घेतला. एक बारीकशी गंमत म्हणजे एकोणीस अंशांवर रेखांशाचा सेकंद अक्षांशाच्या सेकंदापेक्षा आखूड असतो, त्यामुळं जाळीचं एकेक घर चौरस नसून थोडं उभट असतं. ते सुधारलं. मायावीत उंच्यांच्या जाळीवरून पृष्ठभाग काढणाऱ्या ‘सर्फ’ या आज्ञेला उंचीचा गुणक, म्हणजे उंची किती पट दाखवायची ते, सांगता येतो. मी लिहिलं ‘ऑटो’. माहितीपत्रकात ऑटोचा अर्थ दिलाय तो असा की, डोळ्यांना बरं वाटेल अशा प्रमाणात उंची बसवली जाते.

आणि खरोखरच बरं वाटलं. काय तो गड! तारामतीचं शिखर, बालेकिल्ला, टोलार खिंडीची खाच, आणि पश्चिमेला एकदम तुटलेला तो कडा. मी हाका मारून बाबांना बोलावलं.

बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. चौतीस वर्षं. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, फ्रेंच कर्व्ह आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास, हे माझं बालपण. ते आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून बघितलं आणि म्हणाले, “व्हर्टिकल स्केल काय धरलाय?”

“ऑटो.”

“ऑटो म्हणजे किती?”

मला माहीत नव्हतं.

“अगं, मग हे काय बघायचं? हा हरिश्चंद्रगड आहे की नंदादेवी?”

मला राग आला, कारण चित्र फारच देखणं होतं. पण बाबांचा आक्षेप वाढवण्याला नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्यांनी जन्मभर वाढवूनच काढलं होतं. कालव्याच्या एल-सेक्शनमध्ये, म्हणजे लांबीच्या छेदाच्या चित्रात, आडवं माप आणि उभं माप कधीच सारखं नसतं. पाण्याला वाहायला किलोमीटरमागं काही सेंटिमीटर उतार पुरतो. तो खऱ्या प्रमाणात काढला तर अख्खा कालवा म्हणजे कागदावर मारलेली एक रेघ. म्हणून उभं माप कितीतरी पट वाढवायचं. पण किती वाढवलं ते खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत लिहायचं, आडवं इतकं, उभं इतकं. आणि जे मापानं काढलंच नाही, नुसतं समजावं म्हणून काढलं, त्याच्याखाली लिहायचं एन. टी. एस. नॉट टू स्केल. हे लिहायला विसरलेला शिकाऊ ट्रेसर त्यांच्या साहेबापुढं कसा थरथरत उभा राहिला होता, ती गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जाते. (मला शंका आहे की तो ट्रेसर बाबाच.)

मी गुणक एकावर आणला. साबुदाणा. मग दोनवर. दोन सोसवत होता, तो ठेवला आणि चित्राच्या कोपऱ्यात लिहिला.

त्यानंतरचे काही दिवस मी नुसती गड फिरवत होते. डावं बटण दाबून ओढलं की गड फिरतो, उजवं दाबलं की जवळ येतो, मधलं दाबलं की सरकतो, आणि ‘वायरफ्रेम’ निवडलं की कातडी उतरून नुसती जाळी उरते. बोलून दाखवायला लाज वाटावी इतका वेळ मी यात घालवला. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. हात थांबला की चित्र मरतं. गड फिरत असतो तेव्हा कुठली सोंड पुढं, कुठली घळ मागं, हे विचार न करता कळतं. माउस सोडला की तीच आकृती तांबड्या-हिरव्या डागांचं फडकं होते. मानसशास्त्रात याला नाव आहे, ‘कायनेटिक डेप्थ इफेक्ट’. १९५३ मध्ये वालाख आणि ओकॉनेल यांनी वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडून दाखवली होती. सावली स्थिर असली की सपाट रेघ, तार फिरू लागली की बघणाऱ्याला लगेच खोली दिसते. खोली फिरण्यात असते. संख्याशास्त्रज्ञांनी हे फार लवकर ओळखलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात जॉन टुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिम-नाइन नावाची व्यवस्था बसवली, ती ठिपक्यांचा ढग पडद्यावर फिरवून दाखवायची. त्यासाठी त्या काळातला एक महाकाय संगणक राबायचा. माझा पंखा घरघरला तर मी कुरकुर करते!

बाबा हे सगळं बघत, पण माउसला हात लावत नसत. एकदा मी त्याच तुकड्याच्या समोच्च रेषा काढून दाखवल्या, बाबांच्या भाषेत कंटूर, वीस-वीस मीटरच्या अंतरानं. सपाट, वरून बघितलेल्या. त्यांनी खुर्ची ओढली.

“ही सोंड. हिच्यावरून चढता येईल. इथं रेघा चिकटल्यात, इथं कडा. हे बघ, या रेघांचं टोक वरच्या अंगाला वळलंय, म्हणजे इथून ओढा. पाणी इकडं जाणार. आणि ही जागा मोकळी आहे ना कड्याच्या मध्येच, इथं बसायला मिळत असेल.”

“पदर म्हणतात त्याला. आम्ही तिथंच जेवतो.”

ते कधी हरिश्चंद्रगडावर गेलेले नाहीत. त्यांना गड फिरवावा लागत नव्हता, कारण तो त्यांच्या डोक्यात आपोआप फिरत होता. बांधाच्या जागेचे कंटूर बघायचे, प्रत्येक कंटूरच्या आतलं क्षेत्र प्लॅनिमीटरनं मोजायचं, त्यावरून धरणात कुठल्या पातळीला किती पाणी मावेल त्याचा आलेख काढायचा. या कामात दिवसच्या दिवस जात. मी त्यांना दोन ओळींत करून दाखवलं, कुठल्याही पातळीखालचं क्षेत्रफळ, क्षणात. भंडारदऱ्यावर करून दाखवलं, कारण तेही याच फाइलमध्ये आहे. ते म्हणाले, “छान. आणि पाण्याखालचं?”

पाण्याखालचं नाही. रडार पाण्याच्या पाठीवरूनच परत फिरतं, आणि फाइल साफसूफ करताना जलाशय सपाट करून टाकलेत. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या धरणामागं काय काय बुडालंय, ते माझ्या कोटभर आकड्यांना ठाऊक नाही. बाबांच्या खात्यातल्या कुठल्यातरी कपाटात पिवळ्या पडलेल्या कापडावर ते असणार.

पण माउस सोडून पायथनच का, हे सांगायचं राहिलं. नुसतं गोल गोल फिरवणारी खेळणी बाजारात खूप आहेत. आता ब्राउझरमध्येही असे आलेख फिरतात, प्लॉटली आहे, पायव्हिस्टा आहे, कुणी काहीही वापरावं. फरक पडतो तो शेजारच्या दुसऱ्या खिडकीनं. इकडं गड उभा, तिकडं पायथनची आज्ञा लिहायची ओळ लुकलुकत असते. प्रोग्राम संपलेला नसतो. गड ही एक जिवंत वस्तू असते आणि तिला विचारता येतं. तुझी सगळ्यात उंच जागा कुठली? रंग फक्त ९०० ते १,१०० मीटरमध्येच वाट, बाकीचं करडं ठेव. एंटर मारला की समोरच्या खिडकीत रंग बदलतो, कोन तसाच.

हे रंगाचं मी सहज म्हणून केलं होतं. दर वीस मीटरला रंग बदलेल असं केलं आणि गड हळूहळू फिरवला, तर दरीच्या अल्याड जो पट्टा पसरून पदर होतो, तोच पल्याडच्या डोंगरावरही, त्याच उंचीला, तसाच पसरलेला. मधे एवढी मोठी दरी, तरी पट्टे एकमेकांना ओळखत होते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, हे शाळेपासून पाठ आहे. डेक्कन ट्रॅप या नावातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला, हेही कुठंतरी वाचलेलं. पण दरी नंतर कोरली गेली आणि थर आधी सलग होते, हे मला त्या दुपारी, पाय उशीवर ठेवून, पहिल्यांदा दिसलं. आपण ज्या पदरावर डबे उघडतो, तो समोरच्या डोंगरावरही चालू असतो.

दुसरी सोय बाबांना पटली. हातानं फिरवत फिरवत एखादा कोन असा मिळतो की वाटतं, हाच. माउसला तो लक्षात राहत नाही. पण पायथनला ‘व्ह्यू’ म्हणून विचारलं की चार गोष्टी मिळतात, दिशेचा कोन, उंचीचा कोन, अंतर आणि नजर रोखलेला बिंदू. ते चार आकडे स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले की उद्या, दहा वर्षांनी, दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर, तोच गड त्याच कोनातून. इतकंच काय, एक लाल बटण आहे, ते दाबलं की तुम्ही हातानं जे जे बदलता त्याचा पायथन कोड आपोआप लिहिला जातो. हात चित्राला सांगतो, चित्र हाताची नोंद ठेवतं. बाबा म्हणाले, “म्हणजे लेव्हल बुक.” सर्वेक्षणातली नोंदवही. त्या चार आकड्यांतला उंचीचा कोन क्षितिजापासून न मोजता डोक्यावरच्या बिंदूपासून मोजतात. शून्य म्हणजे थेट वरून, नव्वद म्हणजे समोरून. मी त्यावर दोन दिवस अडखळत होते. बाबांना थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्रामुळं त्यात नवल वाटलं नाही.

असे आकडे जमवत मी कोकणकड्याशी आले.

कोकणकडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. गडाच्या पश्चिमेला डोंगर एकदम संपतो, अर्धगोल, विळ्याच्या पात्यासारखा आत वळलेला. कडेशी उभं राहायचं नसतं. पोटावर झोपायचं, कुणीतरी पाय धरायचे, आणि डोकं बाहेर काढायचं. खालून वारा इतका उसळतो की हलकं काही टाकलं तर ते परत वर येतं. आणि खाली बेलपाड्याची घरं दिसतात, जंगल दिसतं, पण आपण ज्या कड्यावर झोपलोय तो कडा दिसत नाही. तो आपल्या पोटाखाली आत गेलेला असतो. कड्याचा माथा बाहेर झुकलाय. एकदा आम्ही नळीच्या वाटेनं बेलपाड्याहून चढलो होतो, तेव्हा खालून मान मोडेपर्यंत वर बघताना तो झुकाव दिसला होता. डोक्यावर छत यावं तसा.

मी कॅमेरा बेलपाड्यात ठेवला, कोन नव्वदच्या जवळ, नजर वर. पडद्यावर आली एक घसरगुंडी. तीव्र होती, नाही असं नाही, पण घसरगुंडी. मागं रेललेली. जाळीतून उतार काढून बघितला, तो साठ अंशांच्या आसपासच घुटमळत होता. आधी वाटलं माझं काही चुकलं. अक्ष तपासले, गुणक एक केला, पाच केला. पाच केल्यावर घसरगुंडी उंच झाली, झुकली मात्र नाही. कितीही वाढवा, ती झुकणारच नव्हती. कारण जाळीच्या प्रत्येक घरात एकच आकडा आहे. या जागी उंची इतकी. आणि कोकणकड्याच्या खाली एखादी जागा घ्या, तिथं उंची किती? एक दरीतली जमीन. त्यावर हवा. मग कड्याचं पोट. मग दगड. मग वर पुन्हा गवत आणि पोटावर झोपलेली मी. एका जागी तीन उंच्या. फाइलला एकच ठेवता येते. त्यात रडारला तिथलं नीट दिसलेलंही नसणार, आणि कुणीतरी आजूबाजूचं बघून ती जागा सावरून घेतली असणार.

हे मी बाबांना जरा दुःखानंच सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“ओव्हरहँगिंग क्लिफ!” ते म्हणाले. “अगं, डिप्लोमाच्या परीक्षेत हमखास यायचं. कंटूर एकमेकींना कधी छेदतात का? तर नाही, कारण एका बिंदूला दोन उंच्या नसतात. उभा कडा असेल तर एकमेकींवर येतात. आणि छेदतात फक्त एकाच ठिकाणी, कडा बाहेर झुकलेला असेल तर. दोन मार्क.”

“तुम्ही काढलेत कधी असे?”

“छे. चौतीस वर्षांत एकदाही नाही. कालव्याच्या वाटेत कोण झुकलेला कडा आणून ठेवतो?”

पण त्यांनी पेन्सिल शोधली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून, टेबलावर हातानं सपाट करून, त्यांनी कंटूर काढायला घेतल्या. वरच्या कंटूर सलग रेघेत, बाहेरच्या अंगाला पोट काढलेल्या. खालच्या त्यांच्या आड जातात तिथं तुटक रेघ. जिथं छेदतात तिथं पेन्सिल जरा थांबायची. “आडवं किती बाहेर आलाय?” ते विचारत होते, आणि मी फोनमधले फोटो चाळून, कड्याच्या बाजूनं काढलेला एक फोटो मोठा करून, बोटानं अंदाज सांगत होते. “आणि खाली आत कुठपर्यंत जातो?” तेही अंदाजानंच. तासाभरात त्या पानावर अर्ध्या गोलात एकमेकींत शिरलेल्या रेघा उभ्या राहिल्या. मला त्यांतून काहीच दिसत नव्हतं. ते मान कलती करून बघत होते, आणि त्यांना दिसत होतं.

मायावीत ‘सर्फ’शिवाय ‘मेश’ नावाची आज्ञा आहे, हे मला माहीत होतं. उपयोग कधी पडला नव्हता. सर्फला उंच्यांची जाळी दिली की ती जागेवर एकेक आकडा रोवते. मेशला जाळीच्या प्रत्येक गाठीसाठी तीनही आकडे द्यावे लागतात, किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती वर. मग गाठी कुठंही जाऊ शकतात. पुढं येऊन पुन्हा आत वळू शकतात, एकीच्या खाली दुसरी येऊ शकते. एखाद्या चादरीला घडी पडावी तशी. मी बाबांच्या पानावर पट्टी ठेवून एकेका कंटूरवरचे ठिपके वाचले, ते बाजूला बसून आकडे सांगत गेले, मी टाइप करत गेले. बावीस कंटूर, प्रत्येकीवर पंधरा ठिपके. घसरगुंडीचा तेवढा भाग कापून टाकला आणि त्या जागी ही घडी बसवली. कडा नीट सांधला गेला नाही. डावीकडं एक फट राहिली, तिच्यातून मागचा करडा रंग दिसत होता. ती बुजवायला रात्रीचे अकरा वाजले.

मग मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. पहिल्यांदाच त्यांनी माउस हातात घेतला, आणि घाबरत घाबरत, बटण फार जोरात दाबून, गड फिरवला. फिरवत फिरवत बेलपाड्याच्या बाजूला आणला. मग आणखी खाली. कॅमेरा कड्याच्या पोटाखाली गेला आणि वर छत आलं. त्यांनी हात थांबवला. मग परत थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं, थांबू न देता. बराच वेळ.

“इथून चढलात तुम्ही?”

“इथून नाही, बाजूच्या नळीतून.”

“हं.” माउस अजून हलत होता. “आता तू ते चार आकडे विचार आणि लिहून ठेव. आणि कोपऱ्यात एन. टी. एस. लिही.”